पंडिता रमाबाई : शोकग्रस्तांची सोबतीण



आपल्या दापोली तालुक्यांत मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचें नांव ठाऊक नाहीं असा मनुष्य विरळा. १८९३ सालीं त्यांनीं देवरुखच्या एका बालविधवेशीं विवाह केला, आणि त्याबद्दल मुरूडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. ती विधवा, म्हणजे पुढें बाया कर्वे या नांवानें प्रसिद्ध झालेल्या बाई, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी होती. आपल्या किनाऱ्याचा व रमाबाईंचा संबंध असा जुना आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु दुःखानें मोडलेल्या जिवांस त्यांनीं कसें उभें केलें, तेवढेंच आज सांगावयाचें आहे. तें काम आपणांपैकीं प्रत्येक पाळकाच्या व उपदेशकाच्या वांट्यास केव्हां ना केव्हां येतेंच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळ येथील रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईनें ती विद्या मुलीस दिली. पुराण सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पायीं हिंडे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. त्यांत प्रथम वडील, मग आई व पुढें थोरली बहीण अशीं तिघें गेलीं. आईची तिरडी उचलावयास माणसें मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ, आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. ती ठेंगणी असल्यामुळें तिचा खांदा पुरेना. तेव्हां तिनें तो भार डोक्यावर घेतला व तशीच ती स्मशानापर्यंत चालली.

पुढें बहीणभाऊ उपासतापास काढीत पार काश्मीरपर्यंत फिरलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनीं वाळूंत खड्डे करून अंगावर वाळू ओढून घेतली. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं भाऊ वारला, आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी हेही पटकीनें गेले. पदरीं तान्ही मनोरमा राहिली. चोवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच या बाईनें आपलें जवळजवळ सर्व गणगोत गमावलें होतें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षाच्या २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. बाप्तिस्मा झाला तरी अंतःकरणास पुरती शांति लगेच लाभली नाहीं. प्रभु येशू हा केवळ धर्माचा संस्थापक नसून आपला स्वतःचा तारणारा आहे, ही ओळख त्यांस सुमारें आठ वर्षांनीं पटली. दुःखित जीव विश्वासाकडे सावकाश येतो, हें त्या स्वतःवरून जाणत होत्या.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें कोणावरही धर्माची सक्ति नव्हती. तथापि मुली आपण होऊन बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, आणि १८९३ सालीं मोठा गहजब होऊन पुष्कळ मुली काढून नेण्यांत आल्या. बाई खचल्या नाहींत.

इतक्यांत १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील हाहाकार ऐकतांच त्यांस आपल्या आईची तिरडी आठवली, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांत व रस्त्यांत हाडांचे सांपळे झालेल्या मुली त्यांस दिसल्या. कित्येक दुष्टांच्या तावडींत सांपडून अन्नासाठीं अब्रू गमावून बसल्या होत्या. बाईंनीं सुमारें तीनशें मुली आणल्या. पुण्यांत प्लेगमुळें नव्या मुली ठेवण्यास सरकारची मनाई झाली, म्हणून केडगांवीं पूर्वीं घेतलेल्या जमिनीवर त्यांस नेलें. त्यांतून मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालीं गुजरातेंत दुष्काळ पडला, आणि केडगांवची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

या मुलींस बाईंनीं प्रथम काय दिलें? अन्न, औषध, अंगभर वस्त्र व निर्धास्त झोंप. एलीया झुडुपाखालीं मरण मागत पडला असतां देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें आणि पुन्हां निजूं दिलें. देवाची वाणी त्याला मागाहून ऐकूं आली. केडगांवीं हाच क्रम होता. सदनांत पूर्वीं आलेल्या मुली नव्यांची शुश्रूषा करीत. ज्यांचे अश्रु नुकतेच पुसले गेले होते, त्याच दुसऱ्यांचे अश्रु पुशीत. मग अक्षरओळख, आणि हातांस काम : विणणें, शेत, गाईगुरें, छापखाना. ज्यांची अब्रू लुटली गेली होती त्यांच्यासाठीं कृपासदन निघालें. आंधळ्यांसाठीं मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या. पुढें १९०५ सालीं तेथें मोठी जागृति झाली, आणि शेंकडों मुली मोठ्यानें रडत प्रार्थना करूं लागल्या. बाहेरच्या पुष्कळांस तें खटकलें. पण बाईंनीं तें दडपलें नाहीं.

त्यांची विद्वत्ताही याच कामीं लागली. खेड्यांतील अल्पशिक्षित बाईसही देवाचें वचन समजावें म्हणून त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि साध्या मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यांत त्यांनीं सुमारें अठरा वर्षें घालविलीं. त्याचे खिळे सदनांतील स्त्रियांनींच जुळविले. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. म्हाताऱ्या आईनें तो घाव सोसून काम शेवटास नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं ती प्रभूपाशीं गेली. मुक्ति मिशन केडगांवीं आजही चालू आहे.

उपदेशक बंधूंनो, ३ जून २०२० चें वादळ आपण विसरलों नाहीं. छपरें उडालीं, नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वर्षानुवर्षें जोपासलेली बाग एका दुपारीं गेली, तिच्या धन्यास त्या रात्रीं काय सांगावें? अशा घरीं गेल्यावर देवानें हें कां केलें याचें स्पष्टीकरण देण्याचा आपणांस मोह होतो. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें त्याजजवळ बसले, तोंवर ते खरे मित्र होते. बोलूं लागले तेव्हां चुकले. आपण आधीं कौलें चढवूं लागावें, चूल पेटवावी, जवळ बसावें. दुःखित बोलेल तर ऐकावें. न बोलेल तर त्याची गोष्ट उकरून काढूं नये. रडेल तर रडूं द्यावें. प्रार्थना थोडक्यांत करावी, आणि दुसऱ्या आठवड्यांत व पुढच्या पावसाळ्यांतही त्याच्या दारीं पुन्हां जावें. कारण पहिल्या दिवशीं सर्वच येतात.

आणि ज्याच्या स्वतःच्या घरावर असा घाला आला असेल, त्यानें आपण निरुपयोगी झालों असें मानूं नये. आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या त्या मुलीच्या हातून प्रभूनें हजारोंचे अश्रु पुसले. आपले घावही तो वायां जाऊं देणार नाहीं.