मद्रास की फिलाडेल्फिया? आनंदीबाईंचा ‘ऑप्शन फॉर्म’

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत एकच विषय चालतो. ऑप्शन फॉर्ममध्ये वर काय टाकायचं? विष्णुपुरी आधी की लातूर आधी? कटऑफ, हॉस्टेल, घर किती लांब, ओपीडीला गर्दी किती. घरातला प्रत्येक जण एक मत देतो, मामा तर दोन देतो.

आनंदीबाई जोशींचं नाव तुम्हाला नवीन नाही. शाळेच्या पुस्तकात असेल, नाहीतर २०१९चा ‘आनंदी गोपाळ’ सिनेमा पाहिला असेल. पण त्यांच्यासमोरही दोन मेडिकल कॉलेजं होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आपल्याला थेट बोटीवर चढणाऱ्या आनंदीबाई दाखवतात. बोटीच्या आधीचा भाग मात्र तुमच्या-माझ्या जास्त ओळखीचा आहे.

जन्म ३१ मार्च १८६५, माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव वयाने बराच मोठा, बिजवर आणि पोस्टात नोकरीला. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टात प्रेमाइतकीच जबरदस्ती होती. सिनेमा ती जरा गोड करून दाखवतो, असं माझं मत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांनी मनावर घेतलं, ते यानंतर.

गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज अशा होत होत बंगालपर्यंत पोहोचल्या. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणाची सोय विचारली होती. ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं, आणि त्यांनी थेट आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या.

आता पर्याय बघा. जोशी कुटुंब कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला राहत होतं. (नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं.) सगळ्यात जवळ कलकत्ता मेडिकल कॉलेज, पण तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. अबला दास ही बंगाली मुलगी याच कारणामुळे १८८२ मध्ये मद्रासला शिकायला गेली होती. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ पासूनच बायकांना घ्यायला सुरुवात केली होती. म्हणजे मद्रास ही खरीखुरी, मिळण्यासारखी सीट होती. शिवाय देशातच. समुद्र ओलांडायचा नाही, त्यामुळे जातीबाहेर टाकण्याचा प्रश्न नाही. थंडी नाही, जेवणाचे हाल नाहीत. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. १८५० मध्ये खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी काढलेलं, आणि डीनही बाईच, रेचेल बॉडली. अंतर? बोटीने जवळपास दोन महिने.

तब्येतही धड नव्हती. डोकेदुखी, अधूनमधून ताप, दम लागणं हे सगळं निघण्याच्या आधीपासूनचं. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवून पाहिली, गुण आला नाही. अशा वेळी तुमच्या-माझ्या घरच्यांनी काय सांगितलं असतं? जवळचं कॉलेज घे, गुपचूप.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांच्या आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि लोक मागून जे प्रश्न विचारत होते, त्यांची उत्तरं त्यांनी समोर दिली, तीही इंग्रजीत. अमेरिकाच का? इथे सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? काही बरंवाईट झालं तर? बाईमाणसाने कधी केलं नाही ते तूच का करायचं? असे सहा प्रश्न होते. इथे सोय नाही का, या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांनी मद्रासचं नाव टाळलं नाही. मद्रासला कॉलेज आहे, सुईणींचे वर्गही ठिकठिकाणी आहेत, हे मान्य केलं. मग मुद्दा मांडला, की हे शिक्षण अपुरं आहे, आणि शिकवणारे पुरुष जुन्या विचारांचे आहेत, बाई शिकलेली त्यांना मनातून खपत नाही. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी सांगून टाकलं.

म्हणजे फीपेक्षा, अंतरापेक्षा त्यांनी वर ठेवलं ते हे: वर्गात मला विद्यार्थी म्हणून वागवतील का?

अठरावं वर्ष लागून आठवडा झाला आणि ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली. सोबत नवरा नव्हता, ओळखीच्या मिशनरी बायका होत्या. ४ जूनला न्यूयॉर्क. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. पुढची तीन वर्षं सोपी गेली नाहीत. खोलीतली शेगडी इतका धूर करायची, की धूर सोसायचा की थंडी, एवढाच काय तो चॉइस. जेवण शाकाहारी, नेसण साडी. १८८५ चा एक फोटो नेटवर सहज सापडेल: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी एकाच कॉलेजच्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

त्यांचा निर्णय बरोबर होता का? इथे कादंबिनी गांगुलींचं बघायला हवं. आनंदीबाई गेल्यावर वर्षभराच्या आतबाहेर कलकत्त्याचं तेच कॉलेज मुलींसाठी उघडलं आणि कादंबिनी तिथे शिकल्या. १८८६ मध्ये त्याही डॉक्टर झाल्या, पण बाईने शिकायला विरोध असलेल्या एका प्राध्यापकाने एका पेपरात त्यांना नापास केलं आणि एम.बी.ऐवजी दुसऱ्या पदवीवर समाधान मानावं लागलं. पुढे १८९३ मध्ये त्या एडिंबरोला जाऊन तिथल्या पदव्या घेऊन आल्या. शिकवणाऱ्यांबद्दल आनंदीबाईंचा अंदाज किती खरा होता, ते यावरून कळतं. पण कादंबिनी १९२३ पर्यंत जगल्या, प्रॅक्टिस केली, हेही तितकंच खरं आहे.

आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमलं होतं. १८८६ च्या शेवटी त्या परत आल्या, त्या क्षयाने पोखरूनच. मद्रास घेतलं असतं तर वाचल्या असत्या, असं म्हणावंसं वाटतं. पण दुखणं निघण्याआधीच मागे लागलेलं, त्यामुळे तसं कुणालाच म्हणता येणार नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरचा तो वॉर्ड त्यांनी एक दिवसही चालवला नाही. रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या नावाचा दगड आजही आहे.