मिशीवाली आई

गुजरातमध्ये एका पुरुषाला मुलांनी आणि पालकांनी आईचे नाव दिले. भरघोस मिशा, अंगावर साधी खादी आणि भोवती सदैव मुलांचा गराडा, असे त्यांचे रूप होते. ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई, ही गिजुभाई बधेका यांची ओळख आजही तिथे टिकून आहे. महाराष्ट्राच्या बालशिक्षणाची एक मुख्य धारा त्यांच्याच अंगणातून निघाली. मूल वाढवणे ही शिकून घ्यावी लागणारी गोष्ट आहे, हे आपल्याकडच्या आई-बापांना बजावून सांगणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना करावी लागते.

त्यांचे मूळ नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. भावनगरच्या महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून १९०७ मध्ये ते उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. दोन वर्षांनी परतल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाणला वकिली सुरू केली. व्यवसायात जम बसत होता. पुढचे आयुष्य न्यायालयाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात सुखाने गेले असते.

१९१३ मध्ये मुलगा नरेंद्र याचा जन्म झाला आणि या वकिलाला एका प्रश्नाने घेरले. या मुलाला वाढवायचे कसे? आपल्या वाट्याला आलेली शाळा त्यांना आठवत होती. छडी, घोकंपट्टी आणि मास्तरांचा धाक यांपलीकडे तिथे फारसे काही नव्हते. तीच शाळा मुलाच्या वाट्याला येऊ देण्यास मन धजेना. या शोधात गुजरातमधील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांच्यामार्फत मारिया माँटेसरी यांच्या विचारांशी त्यांची गाठ पडली. मूल म्हणजे आपण भरायचे रिकामे भांडे नव्हे, त्याला स्वतःची गती आणि स्वतःची भूक असते, हा विचार त्यांना आतून पटला. एका बापाची काळजी हळूहळू जीवनकार्य बनली.

भावनगरला नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही विद्यार्थी वसतिगृहाची संस्था स्थापन केली होती. गिजुभाई आधी तिचे कायदेविषयक सल्लागार होते. १९१६ मध्ये वकिलीला रामराम ठोकून ते पूर्णवेळ तिथे दाखल झाले. पुढे माध्यमिक शाळेचे आचार्यपद त्यांच्याकडे आले, पण तिथेच त्यांना एक गोष्ट जाणवली. शाळेत येणाऱ्या मोठ्या मुलांच्या मनात भीती, स्पर्धा आणि शिकण्याचा कंटाळा आधीच घर करून बसलेला असतो. मग सुधारणा करायची तर मुळापासून, या निश्चयाने त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथे गाणी, गोष्टी, माती, रंग, बागकाम आणि नाटक होते. शिक्षा नव्हती, बक्षीसही नव्हते.

बक्षिसाला त्यांचा विरोध का, हे त्या काळच्या पालकांना चटकन उमगत नसे. मारू नये हे एक वेळ पटे, पण खाऊचे आमिष दाखवण्यात काय वावगे? गिजुभाईंच्या मते धाक आणि लालूच ही एकाच नाण्याची दोन बाजू होती. दोन्हींमुळे मूल कामाच्या आनंदासाठी काम करणे विसरते आणि मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वागू लागते. भावंडांशी किंवा शेजारच्या मुलांशी केलेली तुलनाही त्यांना तितकीच घातक वाटे.

शाळेत चार-पाच तास मोकळा श्वास घेतलेले मूल घरी जाऊन पुन्हा धाकात वावरणार असेल, तर शाळेचे श्रम वाया जातात, हे त्यांनी फार लवकर ओळखले. म्हणून त्यांची लेखणी शिक्षकांइतकीच पालकांकडे वळली. ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ या पुस्तकाच्या नावातच आई-बाप होणे कठीण आहे, ही कबुली आहे. ‘आ ते शी माथाफोड?’ मध्ये घरातल्या रोजच्या कटकटींचे छोटे छोटे प्रसंग आहेत. मुलाचा हट्ट आणि मोठ्यांची घाई यांची टक्कर होते, तेव्हा बहुतेक वेळा समजून घेण्यात मोठेच कमी पडतात, हे ते उपदेशाचा सूर न लावता दाखवतात.

‘दिवास्वप्न’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. चौथीच्या वर्गावर प्रयोग करू पाहणाऱ्या एका शिक्षकाची ही कल्पित कथा आहे. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ फसतो आणि वर्गात गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगू लागतो आणि गोष्टीच्या ओढीने तीच मुले शिस्तीत येतात. मुलांच्या स्वच्छतेबद्दल बोलण्यासाठी तो पालकांना बोलावतो, तेव्हा मात्र बोटांवर मोजण्याइतकेच येतात. पालकसभेतल्या रिकाम्या खुर्च्यांची ही व्यथा आजच्या शिक्षकांनाही परकी वाटणार नाही.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला आल्या आणि या कामाला मराठी माणसाचे बळ मिळाले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गुजरातीत निघणारी ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी मराठी पालकांपर्यंत पोहोचवली. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी अंगणवाडीचा जो प्रयोग आदिवासी पाड्यांवर फुलवला, त्याची बीजे भावनगरच्या बालमंदिरात होती.

गिजुभाईंनी मुले, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी दोनशेच्या वर लहान-मोठी पुस्तके लिहिली. १९२९ चे रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाले. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले, तरी शिक्षक घडवण्याचा ध्यास सुटला नाही. अखंड श्रमांनी प्रकृती खालावत गेली आणि २३ जून १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुलांना शाळेत शारीरिक वा मानसिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. गिजुभाईंनी ती आपल्या अंगणात नव्वद वर्षे आधीच घातली होती. पण कायद्याचा हात घराच्या उंबरठ्याशी थबकतो. परीक्षेचे गुण पाहून चढणारा आवाज, शेजारच्या मुलाचा दिला जाणारा दाखला, अभ्यासाच्या मोबदल्यात कबूल केलेली महागडी भेट, या साऱ्यांना आवर घालणे सर्वस्वी आई-बापांच्याच हाती आहे. एका वकिलाने स्वतःच्या मुलाकडे पाहून जो प्रश्न विचारला, तो प्रत्येक घराला नव्याने विचारावा लागतो. उत्तर शोधताना रोज थोडा वेळ मुलाशेजारी बसून एखादी गोष्ट सांगितली, तरी गिजुभाईंच्या वाटेवरचे पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.