डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन

मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून प्रसिद्ध असलेले डॉक्टर गिब्सन यांचा जन्म इ. स. १८०० मध्यें स्कॉटलंडांत झाला. वैद्यकी शिकून ते कंपनी सरकारच्या नोकरींत इकडे आले. १८३८ पासून पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेची व्यवस्था त्यांजकडे होती.

त्या काळीं मुंबईच्या गोदीस जहाजांकरितां साग हवा असे. लांकूडव्यापारी, कोळसेवाले आणि डोंगरावर कुमरी जाळून नाचणी पेरणारे शेतकरी, सर्वांच्याच कुऱ्हाडी चालत. दक्षिण कोंकणांत डोंगर उघडे पडले तेथें झरे आटतात व वाहून आलेल्या मातीनें खाड्या भरतात, हें डॉक्टरांनीं ओळखलें व सरकारास कळविलें. खाडीच्या मुखाशीं राहणाऱ्या आम्हां मालवणकरांस याचें महत्त्व सांगावयास नकोच. १८४७ सालीं सरकारनें त्यांस वनसंरक्षक नेमिलें. मद्रासेस असा अधिकारी १८५६ सालीं आला, आणि अखिल हिंदुस्थानचें जंगलखातें तर १८६४ सालीं निघालें.

मात्र एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. रान राखण्यांत सरकारचा डोळा पुष्कळसा सागावर होता. आणि कुमरीस बंदी आली तेथें गरिबाच्या ताटांतली नाचणी गेली. हा तंटा पुढेंही मिटला नाहीं.

१८६० मध्यें ते निवृत्त झाले. डॅल्झेल यांजसह लिहिलेला मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ सालीं निघाला. १८६७ मध्यें ते वारले. दापोडीच्या बागेंतील झाडांचीं त्यांनीं काढविलेलीं सुरेख चित्रें एडिंबरो येथें जपून ठेविलीं आहेत. तीं काढणाऱ्या चित्रकाराचें नांव मात्र कोणी लिहून ठेविलें नाहीं.