डॉ. कमल रणदिवे : कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ



विज्ञान दिनाला मुलांना शास्त्रज्ञांची नावं विचारा. रामन येतात, कलाम येतात, फार तर नारळीकर. डॉ. कमल रणदिवे हे नाव क्वचितच कुणी घेतं.

माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. तिने दोन्ही केलं नाही! १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक असलेल्या रणदिव्यांशी विवाह झाला. पुढे १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी. आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना सीताफळ काही सांगावं लागत नाही, तेव्हा वर्गात इथूनच सुरुवात करा.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या, टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गुरू भेटले. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवायची पद्धत, म्हणजे ऊतीसंवर्धन, त्या तिथे शिकल्या. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली अशी पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांच्याशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासलं.

चांगली पेशी बिघडते कशी, हा त्या पिढीचा प्रश्न. त्याचं एक ठळक उत्तर पुढे १९९० च्या सुमारास मिळालं, तेही त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये आणि मोठ्या आतड्याच्या अभ्यासातून. आतड्याच्या अस्तरावर कधीकधी बारीक मांसल उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींत मात्र पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एपीसी हे जनुक आधी बिघडतं. मग वाढीचा हुकूम देणारं केरास हे जनुक सुरूच राहतं. शेवटी बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी५३ निकामी होतं आणि कर्करोग होतो. याला बरीच वर्षं लागतात. तोवर दुर्बिणीने तपासून पॉलिप काढून टाकला, तर त्या पॉलिपचा कर्करोग होत नाही.

आता घरची गोष्ट. अमरावती काय नि अकोला काय, शौचावाटे रक्त गेलं की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. लाजेपायी डॉक्टरला सांगत नाही. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर भावा-बहिणींनी आणि मुलांनी तपासणीबद्दल नक्की विचारावं. आनुवंशिकतेचा धडा शिकवताना हेही सांगता येतं, मुलं घरी जाऊन बोलतात.

१९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी संशोधन केंद्राचं संचालकपद सांभाळलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. उतारवयात त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या. अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.