पिसाचा लिओनार्डो आणि आपले नऊ अंक



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघे इटलीतल्या पिसा या गावी जाऊन आलो. पिसा म्हटले की सगळ्यांना कलता मनोरा आठवतो. आम्हीही तो पाहिला, आणि मनोरा हाताने सावरून धरल्याचे फोटो काढले, जसे तिथे सगळेच काढतात. पण आज सांगायचे आहे ते मनोऱ्याजवळच्या कांपोसांतो या जुन्या दफनभूमीतल्या एका पुतळ्याविषयी.

त्याआधी घरातली एक गोष्ट कबूल करायला हवी. आदल्या रात्री जेवताना आमच्या बारा वर्षांच्या कन्येने जाहीर केले होते की सप्टेंबरपासून ती मराठीच्या वर्गाला येणार नाही. शनिवारची सकाळ फुकट जाते, आणि मराठी आकडे शिकून उपयोग काय, शाळेत ते कुणालाच वाचता येत नाहीत, असे तिचे म्हणणे. आम्ही रागावलो, पण पटण्यासारखे उत्तर काही देता आले नाही. धाकट्याने तेवढ्यात तिच्या ताटातला पिझ्झा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या पुतळ्यापुढे उभे होतो. अंगात पायघोळ झगा, चेहरा गंभीर. हा पिसाचा लिओनार्डो. चित्रकार लिओनार्डो दा विंची तो वेगळा, तो याच्यानंतर जवळजवळ २८० वर्षांनी जन्मला. आपल्या या लिओनार्डोला जग आज फिबोनाची म्हणून ओळखते. बोनाची घराण्यातला मुलगा, असा त्याचा अर्थ. हे नाव रूढ झाले एकोणिसाव्या शतकात. पुतळाही त्याच शतकातला, १८६३ सालचा. लिओनार्डोच्या हयातीतले एकही चित्र उपलब्ध नाही, तेव्हा पुतळ्याचा चेहरा शिल्पकाराच्या कल्पनेतलाच.

त्याचा जन्म ११७० च्या सुमाराचा. पिसा तेव्हा श्रीमंत बंदर होते आणि त्याची गलबते साऱ्या भूमध्य समुद्रात फिरत. ११७३ मध्ये मनोऱ्याचे काम सुरू झाले. तीन-चार मजले होईपर्यंत तो कलू लागला आणि काम जवळजवळ शंभर वर्षे थांबले. म्हणजे पिसाच्या या सर्वांत नामवंत गणितज्ञाने तो मनोरा पुरा झालेला कधीच पाहिला नाही!

लिओनार्डोचे वडील गुलिएल्मो यांची नेमणूक परदेशात झाली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या अल्जीरियात, बुजिया नावाचे बंदर आहे (आज त्याला बेजाया म्हणतात). तिथून मेण इतके निघे की फ्रेंच भाषेत मेणबत्तीला या गावाचेच नाव पडले. तिथल्या जकात नाक्यावर पिसाच्या व्यापाऱ्यांचे कामकाज आणि हिशेब वडील पाहात. त्यांनी मुलाला तिकडे बोलावून घेतले आणि हिशेब शिकण्यासाठी काही दिवस शिकवणीला घातले. नोकरीसाठी परक्या मुलखात आलेले वडील आणि त्यांनी जबरदस्तीने शिकायला बसवलेला मुलगा! हे वाचताना आम्हाला हसू आले. कन्येला आले नाही.

तिथे त्याला भेटले भारतीय अंक. युरोपात तेव्हा रोमन आकडे चालत. आपण ८८८ तीन खुणांत लिहितो, रोमन आकड्यांत त्याला बारा अक्षरे लागतात. त्या आकड्यांनी गुणाकार करणे जिकिरीचे. म्हणून लोक पाटावर रेघा आखून सोंगट्या सरकवत हिशेब करत आणि उत्तर तेवढे रोमन आकड्यांत उतरवून ठेवत. भारतीय पद्धतीत मात्र अंकाची जागा त्याची किंमत ठरवते आणि रिकामी जागा शून्य भरून काढते. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच लिहून ठेवले होते. ही पद्धत बगदादला पोचली. तिथे अल ख्वारिझ्मी या विद्वानाने नवव्या शतकात तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्याच नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला, ज्याच्यावर आमच्यासारख्या संगणकवाल्यांचे पोट चालते.

पुढे लिओनार्डो व्यापारासाठी ईजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली आणि फ्रान्सचा दक्षिण भाग इतका हिंडला. जाईल तिथल्या हिशेबाच्या रीती शिकला. मग पिसाला परतून १२०२ मध्ये त्याने लिबर अबाची, म्हणजे गणनाचे पुस्तक, लिहिले. छापखाना तेव्हा नव्हताच, सगळे हाताने. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच त्याने नऊ अंक मांडले, आणि ते भारतीयांचे आहेत हे स्वच्छ सांगितले. दुसऱ्याचे ज्ञान स्वतःच्या नावावर खपवले नाही. शून्याला अरब सिफ्र म्हणत, म्हणजे रिकामे. त्याने लॅटिनमध्ये झेफिरम केले. पुढे इटालियनमध्ये झेरो झाले, आणि तेच इंग्रजीत आले.

हे अंक काही युरोपीय विद्वानांना त्याच्याआधीही ठाऊक होते. पण लिओनार्डोने ते दुकानदाराच्या कामाचे करून दाखवले. मिरीचा भाव, भागीदारीतला नफा, नाण्यातली चांदी, मालाची अदलाबदल, सगळी उदाहरणे त्यात आहेत. त्यातच ते प्रसिद्ध सशांचे कोडे आहे. एक जोडी दर महिन्याला नवी जोडी देते, आणि नवी जोडी दुसऱ्या महिन्यापासून पिल्ले देऊ लागते. वर्षअखेर किती जोड्या? १, २, ३, ५, ८, १३ असे वाढत उत्तर येते ३७७. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज.

त्याची कीर्ती सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकपर्यंत गेली. १२२५ च्या सुमारास दरबारातल्या एका विद्वानाने त्याला कोडे घातले. असा वर्ग शोधा की त्यात ५ मिळवले किंवा त्यातून ५ वजा केले तरी वर्गच राहील. लिओनार्डोने उत्तर दिले ४१/१२ चा वर्ग. गणित शिकणाऱ्यांनी पडताळून पाहावे, बरोबर येते.

नव्या अंकांचा रस्ता मात्र सरळ नव्हता. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वह्यांत हे अंक लिहायला बंदी केली. नव्या अंकात सहज खाडाखोड करता येईल ही भीती होती, असे म्हणतात. आपण चेकवर आजही रक्कम अक्षरी लिहितो, त्यामागे तीच भीती. पण गावोगावी व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी हिशेबाच्या शाळा निघाल्या, आणि दोन-तीनशे वर्षांत या अंकांनी युरोप जिंकला. पिसाने लिओनार्डोला १२४० च्या सुमारास, शहराच्या हिशेबाच्या कामाबद्दल, वर्षाला वीस लिरा मानधन मंजूर केले. त्यानंतर त्याचा मागमूस लागत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. सशांच्या कोड्यातले आकडे आपल्याकडे छंदशास्त्रात आधीच आले होते. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? पाच. गुजरातच्या हेमचंद्राने ११५० च्या सुमारास हा नियम सांगितला, आणि त्याच्याही कित्येक वर्षे आधी विरहांकाने.

त्या संध्याकाळी आर्नो नदीच्या काठी आईस्क्रीम खाताना आम्ही हे कन्येला सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने कागदी रुमालावर लघु-गुरूच्या खुणा मांडून पाचही प्रकार काढले, आणि खाली तारीख मराठी अंकांत लिहिली. आम्हीही काही बोललो नाही. सप्टेंबरात ती वर्गाला आली. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी पाहू.

मुलांनो, आता तुमची पाळी. पाच मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? सगळे प्रकार लिहा आणि पुढच्या शनिवारी बाईंना दाखवा. उत्तर मराठी अंकांतच लिहायचे बरं का!