दमा सोबत घेऊन पोहणारा अर्नेस्टो

क्युबाच्या क्रांतीतील नेते चे गव्हेरा यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांना जन्मभर दमा होता, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

अर्नेस्टो गव्हेरा यांचा जन्म १९२८ साली अर्जेंटिनातील रोझारिओ येथे झाला. मे १९३० मध्ये, तिकडे थंडी सुरू होत असताना, आई सेलिया त्यांना सान इसिद्रो येथे पोहायला घेऊन गेल्या. त्या रात्री जवळजवळ दोन वर्षांच्या अर्नेस्टोला खोकल्याची उबळ आली. तो दमा निघाला. पुढे कोरड्या हवेसाठी कुटुंबाने आल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी बिऱ्हाड हलवले. शाळेत नियमित जाता येईना, तेव्हा आईनेच त्याला घरी लिहायला-वाचायला शिकवले.

ज्या पाण्यानंतर दुखणे सुरू झाले, त्यात मुलाला पुन्हा उतरू द्यावे का? वडिलांना काळजी वाटे, पण आईने त्याला अडवले नाही. दमा उसळला की अंथरूण, ओसरला की पुन्हा पोहणे! रग्बी खेळतानाही औषधाचा फवारा मैदानाच्या कडेला तयार असे.

१९५२ साली, वैद्यकीय विद्यार्थी असताना, त्यांनी पेरूतील सान पाब्लो या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीजवळ ॲमेझॉन नदी पोहून पार केली. त्यांना जवळजवळ दोन तास लागले. १९५३ मध्ये ते डॉक्टर झाले. १९६७ साली बोलिव्हियात त्यांना ठार करण्यात आले. दमा तोवर सोबतच होता.

त्यांच्या सशस्त्र मार्गाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण दम्याच्या मुलाला पाण्यापासून कायमचे दूर ठेवण्यापूर्वी पालकांनी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. औषध जवळ असावे, आणि धाप लागताच थांबण्यात कमीपणा मानू नये.