अस्थिरोपणाचा पाया घालणारे सर विल्यम मॅक्यूएन

दात पडून बराच काळ लोटला की जबड्याचे तेथील हाड झिजत जाते. दात काढल्यानंतरच्या पहिल्याच वर्षात या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. अशा रुग्णाला कृत्रिम दात बसवायचा झाल्यास दंतवैद्य आधी हाडाची भर घालण्याचा सल्ला देतात. छोट्या कुपीतील पांढरट दाणे हिरडीखाली पेरले जातात, काही महिने थांबून तेथे नवे हाड धरले की मगच इम्प्लांटचा स्क्रू बसविला जातो. या दाण्यांची कुळकथा ग्लासगो शहरातील एका धर्मादाय रुग्णालयापर्यंत जाऊन पोहोचते. एका माणसाचे हाड दुसऱ्याच्या शरीरात रुजू शकते, हे तेथे 1879-80 मध्ये विल्यम मॅक्यूएन यांनी दाखवून दिले.

मॅक्यूएन यांचा जन्म 22 जून 1848 रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ब्यूट बेटावर झाला. बारा भावंडांतले ते धाकटे. ग्लासगो विद्यापीठात ते वैद्यकाचे शिक्षण घेत असताना जोसेफ लिस्टर तेथेच शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शस्त्रक्रियेनंतर जखमा चिघळून रुग्ण दगावणे ही त्या काळी नित्याची बाब होती. कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जंतूंना रोखण्याची लिस्टर यांची पद्धत मॅक्यूएन यांनी जवळून पाहिली आणि पुढे तिच्यात स्वतःची भर घातली. लाकडी मुठीची हत्यारे उकळत्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून त्यांनी ती अखंड पोलादाची करवून घेतली.

पदवीनंतर काही काळ ते पोलिसांचे शल्यचिकित्सक होते. दारू पिऊन पडलेला कोण आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला कोण, हे ओळखणे कोठडीत जिवावरचे ठरत असे. डोळ्यांच्या बाहुल्यांवरून हा भेद करण्याची खूण त्यांनी नोंदवून ठेवली. पुढे ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत त्यांचे खरे कार्य सुरू झाले.

त्या काळचे ग्लासगो म्हणजे गिरण्या, जहाजबांधणी आणि कोळशाचा धूर. दाट वस्तीच्या चाळींत ऊन पोहोचत नसे आणि पोरांच्या पोटात सकस अन्न जात नसे. मुडदुसाने पाय वाकडे झालेली मुले रस्त्यारस्त्यावर दिसत. 'ड' जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून चार दशकांहून अधिक काळ होता. मॅक्यूएन यांनी 1877 पासून या मुलांची वाकडी हाडे छिन्नीने छेदून सरळ करण्यास प्रारंभ केला. नडगीच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा काढायचा आणि पाय सरळ करून बांधायचा, अशी ही पद्धत होती. काढलेला तुकडा अर्थातच टाकून दिला जाई.

याच सुमारास तीन वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचे हाड कुजले होते. ते मृत हाड काढावे लागले. मात्र हाडावरचे पातळ आवरण जागेवरच राखले गेले. हे आवरणच हाड निर्माण करते, असे त्या काळी बहुतेक शल्यविशारद मानत. फ्रान्समध्ये लिओं येथील ओलिए यांनी प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली होती. त्या हिशेबाने मुलाच्या दंडात नवे हाड यायला हवे होते. पंधरा महिन्यांनी तो परत आला तेव्हा हात लुळा लोंबत होता, आत हाडाचा पत्ता नव्हता. असा हात बाळगण्यापेक्षा तो काढून टाकावा, हा विचारही पुढे आला.

मॅक्यूएन यांनी मात्र वेगळाच मार्ग धरला. मुडदुसाच्या मुलांच्या नडगीतून निघणाऱ्या पाचरी त्यांनी ताज्या घेतल्या, छिन्नीने त्यांचे बारीक तुकडे केले आणि मुलाच्या दंडात स्नायूंमध्ये खाच करून ते त्यात बसविले. हे तीन वेळा करावे लागले. तुकडे एकमेकांना आणि उरलेल्या हाडाला जुळत गेले व दंडात पुन्हा हाड उभे राहिले. हात दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला, पण तो कामाचा झाला. मोठेपणी त्या मुलाने याच हाताने अंगमेहनतीचे काम करून पोट भरले. 1881 मध्ये मॅक्यूएन यांनी हा वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. माणसाकडून माणसाला केलेल्या अस्थिरोपणाची ही पहिली यशस्वी नोंद मानली जाते. ज्यांच्या हाडांवर हा हात उभा राहिला, ती मुलेही त्याच वॉर्डातील गरिबांची होती, हे विसरता येत नाही.

या यशातून मॅक्यूएन यांनी जो सिद्धांत बांधला, तो मात्र पुरता खरा ठरला नाही. हाड हाडाच्याच पेशींतून वाढते, आवरण केवळ त्याला सीमा घालते, असे त्यांचे ठाम मत होते. कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे 1912 मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. ते सहजी मत बदलणारे गृहस्थ नव्हते. आवरणाच्या आतल्या थरात हाड घडविणाऱ्या पेशी असतात, हे आज सर्वमान्य आहे. रोपलेल्या हाडातील बहुतेक पेशी मरतात आणि ते हाड माचीसारखे उभे राहते. त्याच्या आधाराने शरीर आपले नवे हाड घडविते, हेही पुढे स्पष्ट झाले. सिद्धांत अर्धा चुकला तरी छिन्नीचे काम टिकले. तुकडे जितके बारीक, तितका रक्तपुरवठ्याशी त्यांचा संपर्क अधिक, हा त्यांचा विचार आजच्या दंतवैद्याच्या कुपीतही आहे.

या कुपीतील दाणे आज प्रक्रिया केलेल्या मानवी हाडाचे, गाईगुरांच्या हाडापासून केलेले किंवा संपूर्ण कृत्रिम असतात. कित्येकदा रुग्णाच्याच हनुवटीतून वा जबड्याच्या मागील भागातून हाड घेतले जाते. आपल्या जबड्यात काय भरले जात आहे, हे रुग्णाने आधी विचारून घेणे योग्य. भर घातलेल्या जागेवर अनेकदा पातळ पडदा पसरतात, कारण हिरडीच्या पेशी हाडापेक्षा वेगाने वाढून जागा व्यापतात. आवरणाला सीमा मानणाऱ्या मॅक्यूएन यांना ही गोष्ट नक्कीच आवडली असती.

तोंडाच्या शस्त्रक्रियेवर त्यांचे आणखी एक ऋण आहे. 1878 मध्ये जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना त्यांनी तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून क्लोरोफॉर्म दिला. रक्त फुफ्फुसात उतरू नये म्हणून गळ्याला छेद देण्याची गरज त्यामुळे उरली नाही. मेंदूवरील शस्त्रक्रियेतही ते अग्रणी होते. 1876 मध्ये एका मुलाच्या मेंदूत पू नेमका कोठे साठला आहे हे त्यांनी लक्षणांवरून सांगितले. घरच्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि मूल गेले. मृत्यूनंतरच्या तपासणीत पू त्याच जागी सापडला. तीन वर्षांनी त्यांनी मेंदूलगतची गाठ यशस्वीपणे काढली.

1889 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सने त्यांना निमंत्रण दिले. परिचारिकांचे प्रशिक्षण आपल्या हाती असावे, हा त्यांचा आग्रह मान्य न झाल्याने त्यांनी ते नाकारले. 1892 मध्ये लिस्टर यांनी एकेकाळी भूषविलेले ग्लासगोचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले, 1902 मध्ये 'सर' हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये अर्स्किन येथे रुग्णालय उभे राहिले, तेव्हा क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारागिरांना हाताशी धरून त्यांनी कृत्रिम अवयव घडवून घेतले.

हाडाच्या वाढीचे कुतूहल मात्र अखेरपर्यंत सुटले नाही. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि काही महिन्यांत पुन्हा उगवतात. एवढ्या वेगाने हाड कसे वाढते, याचा अभ्यास त्यांनी सत्तरी गाठेपर्यंत केला आणि 1920 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. 22 मार्च 1924 रोजी त्यांचे निधन झाले.